घरातल्या घरात गाणे कसे पोचते

डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर आता पुष्कळ घरांत मोबाईल आला आहे. काही घरांत दोन-तीनही आहेत. एखाद्या घरी टीव्ही आहे. भातकापणीच्या दिवसांत तारपा वाजू लागला की पोरे मोबाईल वर धरून उभी राहतात आणि नाच त्यात भरून घेतात. लग्नात चौक लिहिला जातो, धवलेरी गाऊ लागते. तिचे गाणेही कोणीतरी भरून घेते.

घरी आल्यावर आई म्हणते, "पोरा, मलाही दाखव ना." थोरला भाऊ म्हणतो, "माझ्या फोनात टाक." टीव्ही असला तर सगळ्यांनाच वाटते, हे मोठे करून बघावे. मग पोरगा ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. रेंज नसते. पोरगा उठतो, टेकाडावर जातो, हात उंच करतो. चक्र फिरतेच आहे. तेवढ्यात नेटचा पॅक संपतो. देणारा आणि घेणारा एकाच ओट्यावर बसणारे, आणि तरी गाणे पोचत नाही!

असे का होते? त्याला काही उपाय आहे की नाही? ते आपण या पाठात पाहू.

आधी गाण्याची वाट पाहू. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर गाणे पाठवले म्हणजे आपला फोन ते शेजारच्या फोनाला देत नाही. तो ते टॉवरला देतो. टॉवरवरून ते तारेतून लांब जाते. लांब कुठेतरी कंपनीची मोठमोठी यंत्रे असतात. गाणे तिथे जाऊन उतरते. मग तिथून उलटे निघते, पुन्हा टॉवरवर येते आणि शेवटी शेजारच्या फोनात शिरते. शेजारणीला वाटीभर मीठ द्यायचे आहे. आपण ते आगगाडीने मुंबईला पाठवले, आणि शेजारणीने डहाणू रोड स्टेशनवर जाऊन ते उतरवून घेतले. तसाच हा प्रकार झाला.

यात खर्च दोनदा होतो. पाठवणाऱ्याच्या पॅकमधून जातो आणि घेणाऱ्याच्या पॅकमधूनही जातो. शिवाय ओझे कमी व्हावे म्हणून व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करते. मोठ्या पडद्यावर पाहिले की ते लगेच कळते. नाचणाऱ्यांची तोंडे पुसट होतात. कोण आपली मावशी आणि कोण परकी, ते ओळखू येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मुलगा वापीला कामाला गेला असेल, बहीण भिवंडीला राहत असेल, तर त्यांना गाणे पाठवायला हीच वाट बरी. पण ज्याला हाक मारली तर ऐकू जाते, त्याच्यासाठी एवढा लांबचा फेरा कशाला?

याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांसाठी काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी केले. अंगणवाडीची कल्पना अशी इथे रुजली. आपण ज्या उपायाबद्दल बोलणार आहोत तोही अंगणातलाच आहे. त्याला घरचे नेटवर्क म्हणतात. नेटवर्क म्हणजे जाळे.

जाळे म्हटले की आपल्यापुढे मासे धरायचे जाळे येते. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते आपल्या चित्रांत लिहिले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. जाळ्यात गाठी असतात आणि गाठींना जोडणारे दोरे असतात. घरच्या नेटवर्कचेही तसेच आहे. मोबाईल ही एक गाठ. दुसरा मोबाईल ही दुसरी गाठ. टीव्ही ही तिसरी. फक्त दोरे डोळ्यांना दिसत नाहीत. ते हवेतल्या लहरींचे असतात. रेडिओचे गाणे लहरींवरून येते, तशाच जातीच्या या लहरी. पण रेडिओची लहर कोसच्या कोस जाते, आणि ही लहर घर आणि अंगण एवढ्यातच संपते. तिला वायफाय म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण शिकलेली माणसेही इथे गोंधळतात. वायफाय वेगळे आणि इंटरनेट वेगळे. वायफाय म्हणजे घरातले दोरे. इंटरनेट म्हणजे घरातून बाहेर, जगाकडे जाणारा रस्ता. रस्ता बंद असला म्हणून घरातल्या माणसांचे एकमेकांशी बोलणे बंद होते का? नाही. पावसात ओढा भरला आणि पाड्याची वाट तुटली, तरी चुलीपाशी गप्पा चालूच असतात. तसेच टॉवर बंद पडला, पॅक संपला, तरी घरातले फोन एकमेकांना गाणे देऊ शकतात.

जगाकडचा रस्ता सुधारण्याचे प्रयत्नही चालू आहेत. आपल्याच पालघर जिल्ह्यात, पालघर तालुक्यातल्या खामलोली भागात, मुंबईच्या आय. आय. टी. या संस्थेने टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून खेड्यापर्यंत इंटरनेट नेऊन पाहिले. त्या कामाला २०१७ साली मोझिला या परदेशी संस्थेचे बक्षीसही मिळाले. पण रस्ता होईल तेव्हा होईल. अंगण आपल्या हातात आहे.

आता हे घरचे जाळे बांधायचे कसे? काही घरांत राउटर नावाची लहान पेटी असते. ती असली तर जाळे तयारच आहे. नसली तरी अडत नाही. आपल्या फोनातच ती सोय आहे. तिचे नाव हॉटस्पॉट. फोनाच्या सेटिंगमध्ये जा. हॉटस्पॉट असे लिहिलेले सापडेल. ते चालू करा. म्हणजे तो फोन जाळ्याची पहिली गाठ झाला. दुसऱ्या फोनात वायफाय चालू करा. त्यात पहिल्या फोनाचे नाव दिसेल. त्यावर बोट ठेवा, पासवर्ड लिहा. झाले, गाठ बसली.

हॉटस्पॉट लावण्याआधी पहिल्या फोनाचा मोबाईल डेटा बंद करा. तो चालू राहिला तर दुसरा फोन गुपचूप तुमच्या पॅकमधून नेट ओढू लागेल. डेटा बंद असला की दुसऱ्या फोनावर लिहून येईल, "इंटरनेट नाही. जोडून ठेवायचे का?" पुष्कळ माणसे हे वाचून घाबरतात आणि वायफाय बंद करून टाकतात. घाबरू नका. इंटरनेट नको म्हणूनच तर आपण हे करतो आहोत. "हो" म्हणा.

जाळ्यात शिरलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक मिळतो. तो साधारण असा दिसतो : १९२.१६८.१.५. फोनावर हे आकडे इंग्रजीत येतात. हा क्रमांक पहिली गाठ वाटते, पंगतीत पाने मांडावीत तसा. गंमत अशी की कोसबाडच्या एखाद्या घरात हा क्रमांक असेल, तसाच तो उधव्याच्या घरातही असेल, आणि थेट अमेरिकेतल्या घरातही असेल. मग गोंधळ होत नाही का? होत नाही. प्रत्येक घरात एक 'थोरला' असतो आणि एक 'धाकटा' असतो. आपल्या घरात "थोरल्याला बोलाव" म्हटले तर शेजारचा थोरला उठून येत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक असे घरातल्या घरात वापरण्यासाठी साऱ्या जगाने राखून ठेवले आहेत.

लहर कुठे पोचते आणि कुठे अडते, हेही कळलेले बरे. कारवीच्या कुडातून ती सहज पार होते. जाड दगडी भिंतीत अर्धी मरते. पत्रा मध्ये आला तर अडतेच. म्हणून पहिले पहिले काम ओट्यावर, दोन्ही फोन जवळ ठेवून करावे.

आता गाणे द्यायचे. सध्याच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत 'क्विक शेअर' नावाची सोय असते. तिला हॉटस्पॉट लावण्याचीही गरज नाही. ती आपले जाळे आपणच बांधते. दोन्ही फोनांत ब्लूटूथ आणि वायफाय चालू ठेवा. गाणे उघडा, शेअरच्या खुणेवर बोट ठेवा, त्यातून क्विक शेअर निवडा. शेजारच्या फोनाचे नाव दिसेल. त्यावर बोट ठेवा. तिकडे "घेऊ का?" असे विचारले जाईल. त्याने हो म्हटले की गाणे चालले. पूर्वी या कामासाठी शेअरइट आणि झेंडर ही दोन अ‍ॅप पुष्कळ जण वापरत. सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत ती दोन्ही गेली. कोणी आडवाटेने ती फोनात टाकून देतो म्हणाला तर घेऊ नका.

कोणी म्हणेल, आम्ही ब्लूटूथवर देतो, तेही फुकटच आहे. खरे आहे. पण ब्लूटूथ ही पायवाट आहे. ३०० एमबीचा नाच ब्लूटूथवर पाठवायला वीस मिनिटे सहज लागतात. वायफायवर तेच काम मिनिटाच्या आत-बाहेर होते. एमबी हे माप आहे. भात पायलीने मोजतो, तसे फोनातले सामान एमबीने मोजतात.

ही झाली देण्याची रीत. म्हणजे एका फोनातले गाणे दुसऱ्या फोनात उतरले. दुसरी एक रीत आहे, ती आम्हाला जास्त आवडते. गाणी एकाच ठिकाणी ठेवायची आणि ज्याला हवे त्याने आपल्या जागेवरून ती ऐकायची. घरात भाताची एक कणगी असते. ज्याला लागेल तो तिच्यातून घेतो. तशी ही गाण्यांची कणगी. भाताची कणगी उपसली की रिकामी होते. ही कितीही वेळा उपसा, जशीच्या तशी भरलेली राहते.

यासाठी व्हीएलसी नावाचे अ‍ॅप चांगले आहे. ते फुकट मिळते. महामार्गावर काम चालू असले की नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे शंकू मांडतात. तलासरीच्या लोकांनी ते पुष्कळदा पाहिले असतील. तोच शंकू या अ‍ॅपचे चिन्ह आहे. म्हणून ते ओळखायला सोपे जाते. त्याची हकीगत ऐकण्यासारखी आहे. फ्रान्स देशात पॅरिसजवळ एक मोठे विद्यालय आहे. १९९६ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी ठरवले की प्रत्येक खोलीवर वेगळी छत्री लावायची नाही. टीव्ही पकडणारी एकच छत्री लावायची आणि तिच्यावरची चित्रे आपल्या वसतिगृहाच्या जाळ्यातून सगळ्या खोल्यांना पोचवायची. त्या खटपटीतून हे अ‍ॅप जन्मले. २००१ साली त्यांनी ते जगाला मोकळे करून दिले. एका आवारातल्या माणसांनी एक वस्तू वाटून घ्यायची, एवढ्याशा गरजेतून ते निघाले.

व्हीएलसीच्या नव्या आवृत्तीत 'रिमोट अ‍ॅक्सेस' अशी सोय आहे. ज्या फोनात गाणी आहेत त्यात ती चालू करायची. पडद्यावर आकड्यांचा पत्ता येतो. दुसरा फोन त्याच जाळ्यात असला पाहिजे. त्याच्या क्रोममध्ये, जिथे एरवी आपण शोधायचे शब्द लिहितो तिथे, तो पत्ता जसाच्या तसा लिहायचा. एकही टिंब चुकवायचे नाही. मग तो एक कोड मागतो. कोड पहिल्या फोनावर दिसतो. तो भरला की कणगीचे तोंड उघडले. गाण्यांची यादी समोर येते.

टीव्हीबद्दल थोडक्यात सांगतो. वायफायचा टीव्ही असेल तर टीव्ही आणि फोन दोन्ही एकाच जाळ्यात घ्या. फोनात एक खूण असते : चौकोन, आणि त्याच्या कोपऱ्यात लहरी. तिच्यावर बोट ठेवले की टीव्हीचे नाव येते. काही टीव्ही इंटरनेट नसले की हट्ट करतात आणि ऐकत नाहीत. जुना टीव्ही असेल तर त्याला वायफायच नसते. अशा वेळी सरळ पेनड्राइव्ह लावावा. त्यात कमीपणा काही नाही.

आता त्या यादीकडे पुन्हा वळू. कारण खरी अडचण इथे येते. यादी उघडली की काय दिसते? व्हीआयडी, मग नुसते आकडे. त्याखाली पुन्हा व्हीआयडी, पुन्हा आकडे. अशा दोनशे ओळी. यातला तारपा कोणता आणि शेजारच्या बारशातला गोंधळ कोणता? फोन आपण होऊन फक्त तारीख-वेळ लिहितो. गाणे कोणाचे, कुठले, कशाचे, ते त्याला कळत नाही.

ते काम लिहिता येणाऱ्या माणसाचे आहे. म्हणजे आता ते तुमचेही आहे. गाणे बोटाने दाबून धरा. 'नाव बदला' असे येईल. तिथे मराठीत लिहा : "तारपा, दिवाळी २०२४, आमचा पाडा, वाजवणारे काका." किंवा : "लग्नाचे गाणे, मोठी आत्या, चौक लिहिताना." गाणारीचे नाव घाला. गावाचे नाव घाला. साल घाला. अक्षर चुकले तरी चालेल. नाव नसलेले गाणे फोनात असून नसल्यासारखेच आहे. रोज रात्री पाच नावे लिहिली तरी महिन्यात दीडशे होतात. लिहिण्याचा सरावही होतो.

यात घाई करायला हवी, असे आम्हाला वाटते. तारपा वाजवणारे हात म्हातारे होत आहेत. धवलेरीची गाणी तिच्या तोंडी असतात, कुठल्या पोथीत नसतात. ती गेली की गाणी गेली. फोनात भरली म्हणून ती वाचली असे समजू नका. भातलावणीत फोन चिखलात पडतो. लहान मूल तो पाण्याच्या बादलीत टाकते. एक फोन गेला की त्यातले सगळे जाते. म्हणून एकच गाणे दोन-तीन ठिकाणी हवे. घरच्या जाळ्याचा मोठा उपयोग हाच आहे. पैसा न लागता एकाची तीन करता येतात.

आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्या डहाणू-तलासरीत जमीन हादरू लागली. धुंदलवाडी भागातले लोक ते विसरलेले नाहीत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ मापाचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले. माणसे थंडीत घराबाहेर, तंबूत झोपली. अशा वेळी एकाच घरातल्या सगळ्या वस्तू एकदम धोक्यात येतात. मामाच्या घरी एक प्रत असली तर ती राहते.

हेच कागदांनाही लागू आहे. सातबारा, वनहक्काच्या दाव्याची पोच, ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा नकाशा, यांचे फोटो पुष्कळांनी काढून ठेवले आहेत. पण ते एकाच्याच फोनात असतात. बहुधा पोराच्या फोनात, आणि पोरगा बोटीवर किंवा कामावर. कचेरीत कागद मागतात तेव्हा घरात बाई एकटी असते. ते फोटो तिच्याही फोनात असू द्या, नीट नाव लिहून. मात्र फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पेटीत, कोरड्या जागी ठेवायचेच.

आता सावधगिरी. जाळे उघडे ठेवले तर वाटेवरचाही त्यात शिरतो. हॉटस्पॉटला पासवर्ड ठेवा. १२३४५६७८ हा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे, तो नको. काम झाले की हॉटस्पॉट बंद करा. त्याने बॅटरीही वाचते. क्विक शेअरमध्ये "सर्वजण" असे निवडले तर जवळपासच्या कोणाच्याही फोनावर तुमचे नाव दिसते. ते दहा मिनिटांपुरतेच ठेवण्याची सोय आहे, तीच वापरा. महालक्ष्मीच्या जत्रेत, स्टेशनवर, एस.टी.त ते बंदच असावे. अनोळखी माणसाने काही पाठवले तर घेऊ नका. आणि फोनातले सगळेच कणगीत घालायचे नसते. बायकामुलींचे फोटो, बँकेचे कागद, आधार कार्ड हे वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि तो कप्पा वाटू नका. घरातल्या पोरींना न विचारता त्यांचे फोटो कोणी घेत असेल तर त्याला वडीलधाऱ्यांनी रोखावे.

शेवटी एक बोलायचे आहे. घरच्या जाळ्यातले गाणे घरात राहते. इंटरनेटवर टाकलेले गाणे कुठे जाईल, कोण त्यावर काय लिहील, कोण त्याचे पैसे करील, ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून बाहेर टाकण्याआधी गाणारीला विचारा. तिला बसवून तिचे गाणे तिला टीव्हीवर दाखवा. मग विचारा, "आत्या, हे बाहेरच्यांनी ऐकले तर चालेल का?" काही गाणी लग्नातच म्हणायची असतात, काही देवाची असतात. ती नको म्हणाली, तर त्या गाण्याच्या नावापुढे "घरापुरते" असे लिहून ठेवा.